‘ब्रेक अ लेग’ कुणाला म्हणावं, कुणाला नाही

सांगलीत राज्य नाट्य स्पर्धेला मी विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करतो. मागच्या खेपेला पुण्याहून आलेला भाचा दुसरी घंटा झाल्यावर आमच्या नायिकेला म्हणाला, ‘ब्रेक अ लेग!’ ती आठवड्यापूर्वीच जिन्यावरून घसरलेली, साडीखाली पायाला क्रेप बँडेज. ‘आता दुसरापण मोडू का रे?’ म्हणाली आणि तोंड फिरवून नटराजाच्या पाया पडायला गेली.

पोरगं चुकलं नव्हतं. इंग्रजी रंगभूमीवर प्रयोगाआधी नटाला ‘गुड लक’ म्हणणं अपशकुनी मानतात, म्हणून उलटं बोलतात. पाय मोडो, म्हणजे प्रयोग रंगो. हे कुठून आलं याच्या डझनभर कथा आहेत, पक्का पुरावा एकीलाही नाही; कुणी छातीठोक सांगायला लागला तर चहा मागवा आणि विषय बदला.

आपणही उलटं बोलतोच की. नारळ फोडत नाही, ‘वाढवतो’. बांगडी फुटली तरी ‘वाढली’. निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. फरक एवढाच, की आपण वाईटाला चांगला शब्द लावतो आणि ते चांगल्याला वाईट. मराठीतलं पहिलं नाटक मानतात ते ‘सीता स्वयंवर’ १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच केलं. त्या गावात वाढलेल्या बाईला पाय मोडायच्या शुभेच्छा पचायच्या कशा?

तर वापरायचं असं. प्रयोग सुरू व्हायच्या आधी म्हणायचं. पडदा पडल्यावर त्याला काही अर्थ नाही. गाणं, भाषण, मुलाखत, परीक्षा, इथंही हल्ली चालतं. शब्द मात्र हलवायचे नाहीत. ‘ब्रेक युवर लेग’ म्हणालात तर ती धमकी वाटते. अख्ख्या नाटक मंडळीला म्हणतानाही पाय एकच. आणि ‘ही ब्रोक हिज लेग’ म्हणजे खरंच प्लास्टर, तिथं म्हण संपली.

तालमीतल्या पैलवानाला, कबड्डीच्या पोरांना म्हणू नका. मिरजेला गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाला तर मुळीच नाही. समोरच्याला ही म्हण माहीत नसेल, तर सरळ ‘प्रयोग झकास होऊ दे’ म्हणावं.

तुम्हाला कुणी म्हणालं तर नुसतं ‘थँक्स’ म्हणा. ‘सेम टू यू’ म्हणायचं ते समोरचाही त्याच प्रयोगात असेल तरच. प्रॉम्प्टरला कुणी म्हणत नाही, ते सोडा.