श्रेडर आहे, तरी कागद वाचता येतो? या चुका टाळा

ओळख चोरणाऱ्याला तुमचा अख्खा कागद लागत नाही. नावाशेजारी खाते क्रमांक, पत्त्याशेजारी जन्मतारीख, सहीशेजारी ग्राहक क्रमांक अशी एखादी जोडी त्याला पुरते. तेवढ्या भांडवलावर तो ग्राहक सेवेला फोन करून तुमच्या नावाने बोलतो, पत्ता बदलून घेतो, कधी तुमच्या नावावर कर्जही मागतो. त्यामुळे कचऱ्यात जाणाऱ्या कागदाकडे बघताना एवढंच तपासायचं, की एखाद्या तुकड्यावर ही जोडी शाबूत राहिली आहे का. श्रेडर, म्हणजे कागदाचे तुकडे करणारं यंत्र, घरात असूनही खालच्या बहुतेक चुका हे न तपासल्यामुळे होतात.

चार तुकडे केले की झालं, असं समजणं

हाताने फाडलेला कागद जुळवायला चिकटपट्टी आणि थोडी चिकाटी लागते, बस्स. फाटलेल्या कडा एकमेकींत नेमक्या बसतात, त्यामुळे जुळवणाऱ्याला उलट मदतच होते. १९८९ मध्ये पूर्व जर्मनीची राजवट कोसळत होती, तेव्हा श्टाझी या तिथल्या गुप्त पोलीस संघटनेने फायली नष्ट करायला घेतल्या. श्रेडर पुरे पडेनात म्हणून माणसं हातांनी कागद फाडत बसली. मागे राहिली तुकड्यांची सुमारे १६ हजार पोती. १९९५ पासून ती उघडून एकेक पान जुळवण्याचं काम सुरू झालं आणि लाखो पानं पुन्हा वाचता आली.

तुमच्या बँकेच्या कागदासाठी कुणी एवढं करणार नाही, हे खरं. पण तुमचे तुकडेही चारच असतात, आणि तेही एकाच पिशवीत.

उभ्या पट्ट्या कापणारा श्रेडर घेणं

सर्वात स्वस्त श्रेडर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या करतात. याला स्ट्रिप-कट म्हणतात. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला गेला, तेव्हा तिथे अशाच पट्ट्या झालेले कागद सापडले. त्या धीराने शेजारी शेजारी लावून कागदपत्रं पुन्हा उभी केली गेली आणि पुढे पुस्तकरूपाने छापलीही गेली. तेव्हा ते काम नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी झालं. आज पट्ट्यांचे फोटो काढून जुळवणी संगणकावर सोपवता येते.

विकत घेताना खोक्यावर 'पी' हे अक्षर आणि पुढे आकडा शोधा. ही वर्गवारी डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकातली आहे, आणि आता ती आयएसओ/आयईसी २१९६४ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. पी-१ आणि पी-२ म्हणजे पट्ट्या. पी-४ मध्ये तुकड्याची मर्यादा १६० चौरस मिलिमीटर, म्हणजे एका ए-४ पानाचे सुमारे ३९० तुकडे. पी-५ ची मर्यादा ३० चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन हजारांहून जास्त तुकडे. पी-७ पर्यंत पातळ्या आहेत, पण त्या सरकारी गुपितांसाठी.

घरासाठी माझं मत पी-४ ला. पी-५ अर्थातच जास्त सुरक्षित, पण ती यंत्रं एका वेळी कमी पानं घेतात, हळू चालतात आणि जास्त तेल मागतात. कंटाळा आला की माणूस कागद थेट कचऱ्यात टाकायला लागतो. रोज वापरला जाणारा पी-४ हा कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या पी-५ पेक्षा कधीही बरा. २०११ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने श्रेड केलेल्या कागदांची पाच कोडी जाहीर केली होती, बक्षीस ५० हजार डॉलर. जिंकणाऱ्या संघाने खास संगणक प्रणाली लिहूनही पाचही सुटायला ३३ दिवस लागले. कचरापेटी चाळणाऱ्या भुरट्याकडे ना तेवढा वेळ असतो, ना तेवढी बुद्धी तुमच्यावर खर्च करायची इच्छा.

कागद चुकीच्या दिशेने घालणं

ही चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पाती ज्या दिशेने कापतात त्याच दिशेने मजकुराच्या ओळी असतील, तर पट्टीवर अख्खी ओळ सलामत बाहेर पडते. नाव, क्रमांक, रक्कम, सगळं एका रांगेत. साधं पत्र वरच्या कडेने आत घातलं तर ओळी आडव्या कापल्या जातात, तिथे अडचण नाही. घोळ होतो आडव्या छापलेल्या तक्त्यांचा. खात्याचं विवरण किंवा पगाराचा तक्ता पान आडवं धरून छापलेला असतो, पण यंत्राच्या तोंडात तो अरुंद बाजूनेच बसतो. मग ओळी पात्यांना समांतर होतात. असं पान आधी मधोमध कापा आणि दोन्ही अर्धे वळवून घाला, म्हणजे ओळी पात्यांना आडव्या येतील. क्रॉस-कट, म्हणजे पट्ट्या आडव्याही कापून छोटे तुकडे करणाऱ्या, यंत्रातही ही काळजी घेतलेली बरी, कारण चार मिलिमीटर रुंद आणि चाळीस मिलिमीटर लांब तुकड्यावर एक खाते क्रमांक आरामात मावतो.

डबा उघडून एकदा तुकडे हातात घेऊन बघा. सलग आकडे वाचता आले तर दिशा चुकली आहे.

नेमके कागद सोडून भलतेच श्रेड करणं

जुनी वर्तमानपत्रं आणि जाहिरातींची पत्रकं श्रेड करून यंत्र थकवणारे लोक असतात, आणि तेच लोक पार्सलचं खोकं पत्त्याच्या लेबलासकट बाहेर ठेवतात. लेबलावर नाव, पत्ता, बऱ्याचदा फोन नंबरही असतो. विमानाच्या बोर्डिंग पासवरच्या बारकोडमध्ये नाव आणि बुकिंगचा क्रमांक असतो. तो फोनवरून वाचता येतो, म्हणून त्याचा फोटो टाकणंही टाळा. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, नाकारलेले अर्ज, न वापरलेले धनादेश, ओळखपत्रांच्या फिक्या आलेल्या झेरॉक्स हे सगळं श्रेडरचं खाद्य. ओळखपत्राची मुदत संपली म्हणून ते निरुपद्रवी होत नाही, कारण जन्मतारखेला मुदत नसते.

उलट बाजूही आहे. मालमत्तेचे दस्त, जन्माचे दाखले, पदव्या, चालू विम्याची आणि कर्जाची कागदपत्रं, कराचे कागद ठरावीक काळ संपेपर्यंत: हे उत्साहाच्या भरात यंत्रात गेले तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. कर्ज फिटल्याचं पत्र तर कायम ठेवा.

मार्कर, पाणी आणि काडेपेटी

काळ्या मार्करने आकडे झाकले तरी पान उजेडासमोर तिरपं धरलं की बऱ्याचदा शाई खालून दिसते. खोडायचंच असेल तर तेवढा भाग कापून श्रेड करा. पाण्यात भिजवल्याने लेझर प्रिंटरची छपाई जात नाही, कारण टोनर म्हणजे कागदावर वितळून चिकटलेली प्लास्टिकची भुकटी. आणि कागदांचा गठ्ठा पेटवला तर कडा जळतात, आतली पानं तपकिरी होऊन तशीच राहतात, ती वाचताही येतात. धूर आणि आगीचा धोका वेगळाच.

कार्ड नुसतं मधून कापणं

आधी कार्ड बँकेत फोन करून बंद करून घ्या, मगच कापा. कात्री चिपमधून गेली पाहिजे, मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीचे अनेक तुकडे झाले पाहिजेत आणि क्रमांक सलग राहता कामा नये. श्रेडरमध्ये घालायचं तर कार्डासाठी वेगळं तोंड आहे का ते बघा. नसेल तर पात्यांचे दात मोडू शकतात. धातूची कार्डं यंत्रात घालूच नका, ती बँकेला परत करा.

यंत्र अडलं की ओढाताण करणं

अडकलेला कागद ओढू नका, आधी रिव्हर्स दाबा. मग एक-दोनदा पुढे-मागे चालवा. तरी हललं नाही, तर प्लग काढून चिमट्याने तुकडे उचला. खोक्यावर 'दहा पानं' लिहिलेलं असलं तरी सहा-सातच घाला. तो आकडा नव्या पात्यांवर आणि पातळ कागदावर मोजलेला असतो.

मध्येच यंत्र मेल्यासारखं बंद पडलं तर बहुतेक वेळा ते तापलेलं असतं. घरगुती यंत्रं काही मिनिटं चालून बराच वेळ विश्रांती मागतात, तेवढं थांबा. कागद नसतानाही मोटार फिरत राहिली तर तोंडातल्या सेन्सरवर कपटा किंवा धूळ बसली आहे. चालूच होत नसेल तर डबा नीट बसलाय का, तो भरलाय का, हे पाहा. आवाज जड झाला, तुकडे ओढल्यासारखे बाहेर येऊ लागले की पाती तेल मागत आहेत. तेल श्रेडरचंच वापरा. वायूच्या दाबावर उडणारे स्प्रे, मग ते तेलाचे असोत वा धूळ उडवायचे, यंत्राजवळ आणू नका, कारण त्यातला वायू मोटारीच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. चिकट लेबलं थेट घातली तर डिंक पात्यांना बसतो, म्हणून ती जाड कागदावर चिकटवून मग घाला.

'नंतर करू'चा गठ्ठा

श्रेड करण्यासाठी बाजूला काढलेला ढीग म्हणजे तुमच्या सर्वात नाजूक कागदांची निवडून ठेवलेली फाइल. ती महिनोन् महिने टेबलावर पडू देऊ नका. टपाल उघडता त्या जागेजवळच यंत्र ठेवा.

शेवटची गोष्ट कागदाबाहेरची. तोच कागद फोनच्या गॅलरीत, डाउनलोडमध्ये, पाठवलेल्या ईमेलमध्ये आणि कुणाला तरी धाडलेल्या चॅटमध्ये बसलेला असतो. श्रेडर चालवल्यावर तिथली प्रतही शोधून काढून टाका, आणि मग 'नुकतेच हटवलेले' हा फोल्डरही रिकामा करा. फोन किंवा लॅपटॉप विकायचा असेल तर फायली हटवणं पुरत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, आहे ना ते पाहा, खात्यांतून बाहेर पडा आणि फॅक्टरी रीसेट करा.