‘नाही’ हा शब्द खोडला की: पुस्तकबंदी समजावणारा मुलांचा वाचनवर्ग

पुस्तकबंदी म्हणजे काय, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना भाषणातून कळत नाही; गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली की कळते. सोलापुरात हा वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऊन उतरल्यावर गच्चीवर चादर अंथरून घ्यावा. पंधरा मुले पुरेत.

आरंभी ‘बलसागर भारत होवो’ म्हणवून घ्यावे, आणि हे गीत असलेला साने गुरुजींचा ‘पत्री’ हा संग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता, हे नंतर सांगावे. यात जप्त करण्याजोगे काय होते, असे मुले विचारतात; उत्तराची घाई करू नये. मग अर्जेंटिनाकडे वळावे. तिथल्या लष्करी राजवटीने 1977 साली एल्सा बोर्नेमन यांच्या बालकथासंग्रहावर बंदी घातली, ज्यातल्या एका कथेत सर्कशीतला हत्ती संप पुकारतो. गिरण्यांच्या या गावात संपाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता मुख्य काम. स्वतः रचलेल्या एका पानाच्या गोष्टीच्या प्रती काढून तीन-तीन मुलांच्या गटाला एकेक प्रत आणि काळा स्केचपेन द्यावा, आणि नको वाटेल ते खोडायला सांगावे. गोष्टीत एक वाक्य असे ठेवावे: ‘बैल म्हणाला, उद्या मी घाणा ओढणार नाही.’ कोणीतरी फक्त ‘नाही’ खोडतो, आणि बैल मुकाट घाण्याला लागतो. ते पान मोठ्याने वाचून घ्यावे. प्रत्येक खाडाखोडीचे कारण समासात लिहिण्याची अट मात्र सोडू नये, कारण खरी गंमत तिथेच आहे: ‘आवडले नाही’ यापलीकडे बहुतेकांना काही सुचत नाही.

इथे कायदा थोडक्यात सांगावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 नुसार पुस्तक सरकारजमा करताना राज्य सरकारला अधिसूचनेत कारणे द्यावी लागतात आणि कलम 99 नुसार त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागता येते. कपाटातून गुपचूप नाहीशा होणाऱ्या पुस्तकाला आदेशच नसतो. माझ्या मते ती बंदी अधिक अवघड असते, म्हणून ‘कारण लेखी द्या’ हे म्हणण्याचा सराव मुलांकडून करून घ्यावा.

शेवटी खोडलेली गोष्ट मुलांनी मूळ रूपात वहीत उतरवावी, घरी जी भाषा असेल तीत: मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू. एखाद्या पालकाला गोष्ट खटकली, तर त्यांच्या मुलाला दुसरी द्यावी. उरलेल्या चौदा जणांच्या वहीतले पान फाडू नये.