निवृत्तीआधी सहा महिन्यांची रंगीत तालीम

तारीख ठरवण्याआधी सलग सहा महिने, निवृत्तीनंतर हाती येईल तेवढ्याच रकमेत घर चालवून बघा. उरलेला पगार आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळवा. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांत: विमा, कर, घरदुरुस्ती, दात, चष्मा. त्यांची बेरीज बाराने भागून दरमहा धरा. महागाई ६ टक्के धरली तर आजचा खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. त्यामुळे आत्ताच जेमतेम भागत असेल तर तारीख खुशाल पुढे ढकला.

शिवाय दोन आठवडे रजा घेऊन घरीच राहा, प्रवास नको. सकाळी अकरानंतर वेळ खायला उठला, तर ठरल्या वेळी बाहेर पडावं लागेल असं एखादं काम नोकरीत असतानाच सुरू करा.