त्र्यंबकेश्वर नीट उमटते का? मराठी स्लाइड्स वेबवर टाकताना फॉन्टची दुरुस्ती

निफाडच्या द्राक्षबागायतदारांसाठी तयार केलेल्या स्लाइड्स नाशिकच्या ऑफिसमधल्या संगणकावर स्वच्छ दिसतात. पण त्याच स्लाइड्स वेबसाइटवर चढवल्या की 'शेतकऱ्यांसाठी'मधला ऱ्य तुटतो, शीर्षक दोन ओळींचे होते, कुठे नुसते चौकोन येतात. याचे मूळ बहुतेकदा एकच असते. स्लाइडच्या फाइलमध्ये अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात आणि फॉन्टचे नाव असते. फॉन्ट स्वतः तुमच्या संगणकात राहतो. दुसरीकडे तो नसेल, तर तिथले सॉफ्टवेअर हाताशी असलेला कुठला तरी फॉन्ट लावते. म्हणून उपाय तीनच उरतात: फॉन्ट फाइलसोबत पाठवायचा, जिथे स्लाइड उघडणार तिथे आधीच असलेला फॉन्ट निवडायचा, किंवा वेबपानानेच तो सोबत आणायचा.

आधी लक्षण ओळखा

सरसकट फॉन्ट बदलत सुटू नका. बिघाड नेमका कुठला आहे ते अक्षरांवरूनच कळते.

रिकामे चौकोन दिसले, तर लावलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरेच नाहीत. साध्या इंग्रजी अक्षरांची अर्थहीन जुळणी दिसली, तर मजकूर कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत). इंग्रजी 'ए'वर तिरकी रेघ आणि शेजारी चलनाची, अपूर्णांकाची चिन्हे अशी रांग लागली, तर फॉन्टचा दोष नाही: पान यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) म्हणून वाचले जात नाही, ते एन्कोडिंग दुरुस्त करा. जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरे दिसली, तर फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम गळाले आहेत किंवा त्या सॉफ्टवेअरला ते वापरता येत नाहीत. ठिपक्यांचे वर्तुळ आले, तर टायपिंगचा क्रम चुकला आहे, उदाहरणार्थ एका अक्षरावर दोन मात्रा. अक्षरे सगळी बरोबर, पण ओळी भलतीकडे तुटलेल्या, तर बदली फॉन्ट लागला आहे आणि त्याची रुंदी वेगळी आहे.

चाचणीची एक स्लाइड

प्रत्येक फाइलमध्ये तात्पुरती एक स्लाइड ठेवा आणि तिच्यावर हे शब्द साध्या व ठळक अशा दोन्ही वळणांत लिहा: त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, ब्रह्मगिरी, कळवण, द्राक्ष, शेतकऱ्यांसाठी, सापेक्ष आर्द्रता, डाउनी मिल्ड्यू, ॲग्रो, मुक्त विद्यापीठ.

ही यादी उगाच केलेली नाही. 'त्र्यं'मध्ये तीन व्यंजने आणि वर अनुस्वार, 'आर्द्रता'मध्ये एकाच द ला वर रफार आणि खाली र. फॉन्ट कच्चा असेल तर आधी इथेच कळतो. 'शेतकऱ्यां'मधला ऱ्य मराठीचा खास आहे. केवळ हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो चुकू शकतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन येतो. अ वर चंद्र वेगळा टाइप करून काम भागवले, तर काही ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. म्हणून पूर्ण 'ॲ' देणारा कीबोर्ड वापरा. 'शृ'च्या जागी 'श्रृ' दिसले तर ती मात्र टायपिंगची चूक, फॉन्टला दोष देऊ नका.

जुन्या फॉन्टमधला मजकूर

इथे घाई सगळ्यात महागात पडते. कृतिदेवमध्ये 'नाशिक' लिहिले असेल तर फाइलमध्ये प्रत्यक्षात यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के आणि डी एवढी इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. असा मजकूर सिलेक्ट करून मंगल किंवा निर्मला लावला, तर मुखवटा गळून इंग्रजी अक्षरेच उघडी पडतात. फॉन्ट एम्बेड केला, म्हणजे फाइलमध्येच बसवला, तर दिसायला ठीक दिसेल, पण 'नाशिक' शोधणाऱ्याला ते पान सापडणार नाही आणि अंध वाचकाचे स्क्रीन रीडर ती इंग्रजी अक्षरेच वाचेल. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच खरा उपाय.

आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. मग मजकूर स्लाइडवार उचला आणि नेमक्या त्याच फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून काढा, कारण कृतिदेवचा तक्ता शिवाजीला चालत नाही. इंग्रजी नावे, ईमेल पत्ते आणि वेबपत्ते वेगळे काढून ठेवा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचीही 'मराठी' करून टाकतो. रूपांतरानंतर दोन जागा बारकाईने वाचा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचे नेमके उलटे, जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे 'स्थिती', 'विद्यार्थी', 'कार्यक्रम', 'निर्मिती' अशा शब्दांत वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ळ, ऱ्य, अंक आणि अवतरणचिन्हेही तपासा. वर्डआर्टमधला, तक्त्यांमधला आणि आलेखांच्या लेबलांमधला मजकूर हमखास विसरला जातो.

पॉवरपॉइंटमध्ये

पॉवरपॉइंट देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो आणि तिच्यासाठी फॉन्टची वेगळी जागा ठेवतो. म्हणून थीमचा फॉन्ट बदलला तरी इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी जागची हलत नाही. फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन मराठी ही संपादनाची भाषा म्हणून जोडा आणि पॉवरपॉइंट पुन्हा उघडा. त्यानंतर व्ह्यू, स्लाइड मास्टर, फॉन्ट्स, कस्टमाइज फॉन्ट्स या खिडकीत लॅटिनसोबत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठीही शीर्षकाचा आणि मजकुराचा फॉन्ट निवडता येतो. तो तिथेच ठरवा. एकेका स्लाइडवर हाताने लावलेले फॉन्ट पुढे फार छळतात.

मंगलवर विसंबू नका. विंडोज १० पासून तो हिंदी-मराठी नसलेल्या संगणकावर आपोआप असतोच असे नाही. कोकिला, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या वैकल्पिक गटात गेला आहे. निर्मला यूआय विंडोज ८ पासून सोबत येतो, पण मॅकवर आणि अँड्रॉइड फोनवर नसतो. वेबवर जाणाऱ्या कामासाठी मुक्त परवान्याचे मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. मुक्ताची २०० ते ८०० अशी सात वजने (जाडीच्या पायऱ्या) आहेत, त्यामुळे शीर्षकाला खरा ठळक फॉन्ट मिळतो. टिरो देवनागरी मराठी दिसायला सुरेख, पण त्याला ठळक वजन नाही. त्यावर बोल्ड दाबले की सॉफ्टवेअर अक्षर नुसते जाड करते आणि 'र्द्र'सारख्या जागी शाईचा डाग पडल्यासारखे दिसते. तिरके वळण मराठीत टाळलेलेच बरे. जोर द्यायचा तर रंग किंवा वजन वापरा.

गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये व्हेरिएबल (सगळी वजने एकत्र असलेल्या) फाइलसोबत 'स्टॅटिक' नावाचा फोल्डर असेल, तर त्यातल्या सुट्या फाइल्स इन्स्टॉल करा. पॉवरपॉइंटला व्हेरिएबल फॉन्ट नीट झेपत नाहीत.

आता एम्बेडिंग. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह आणि तळाशी 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'. दोन पर्याय दिसतात. फक्त वापरलेली अक्षरे घेणारा पर्याय फाइल लहान ठेवतो, पण दुसऱ्याने त्यात नवा शब्द लिहिला की अक्षर नसल्याने बदली फॉन्ट शिरतो. फाइल आणखी कोणी संपादित करणार असेल तर सगळी अक्षरे घ्या. खूण करूनही फॉन्ट सोबत गेला नाही, तर फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये 'फॉन्ट एम्बेडेबिलिटी' पाहा. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर परवानाच नाही, फॉन्ट बदला.

ओळींमधले अंतर 'एक्झॅक्टली' असे पॉइंटात बांधू नका, वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार कापले जाऊ शकतात. 'मल्टिपल' निवडून १.१ ते १.२ ठेवा. चौकटीत रुंदीची दहा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडा आणि 'श्रिंक टेक्स्ट ऑन ओव्हरफ्लो' बंद करा. त्याचा हिशेब प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळा करते.

नुसते वाचायला द्यायचे असेल तर पीडीएफ

ॲनिमेशन गरजेचे नसेल तर बहुतेकांनी इथेच थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सादरीकरणे दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर मूळ फाइलऐवजी पीडीएफ चढवली की फॉन्टचा प्रश्न जवळपास मिटतो.

१. फाइल, एक्सपोर्ट, क्रिएट पीडीएफ हा मार्ग घ्या. प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ काढल्यास लिंक चालत नाहीत.
२. ऑप्शन्समध्ये 'पीडीएफ/ए'ला खूण करा. या प्रकारात फॉन्ट आत असणे बंधनकारकच असते.
३. तिथेच फॉन्ट एम्बेड होत नसल्यास मजकुराचे बिटमॅप, म्हणजे चित्र, करण्याची खूण असते. ती लागू पडली तर अक्षरे मोठी केल्यावर पुसट दिसतात आणि शोधता येत नाहीत. असे झाल्यास फॉन्टच बदला.
४. तयार फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्ट्सचा टॅब पाहा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' हवे.

पीडीएफमधून कॉपी केलेली मराठी मात्र अनेकदा विस्कटते. तिथे जोडाक्षरांच्या आकृत्या साठवलेल्या असतात, त्यांचा मूळ अक्षरांशी मेळ दरवेळी बसत नाही. बाजारभाव, फवारणीचे प्रमाण, तारखा असा लोक उचलून घेणारा मजकूर वेबपानावर साध्या अक्षरांतही द्या.

गूगल स्लाइड्समध्ये

इथे स्वतःचा फॉन्ट चढवता येत नाही. फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर 'मोअर फॉन्ट्स' उघडा, स्क्रिप्ट म्हणून देवनागरी निवडा आणि त्यातलाच घ्या. पॉवरपॉइंटची फाइल करण्यापूर्वीच यातला फॉन्ट ठरवून तोच संगणकावर इन्स्टॉल केला, तर दोन्हीकडे एकच नाव जुळते आणि ओळी हलत नाहीत. आधीच बिघडलेली फाइल असेल तर 'एडिट थीम'मध्ये मास्टरचा फॉन्ट बदला. ज्या चौकटी तरीही बदलणार नाहीत, त्यांना थेट फॉन्ट लावलेला असतो, त्या एकेक करून सुधाराव्या लागतात. मग फाइल, शेअर, पब्लिश टू वेब. दुरुस्ती प्रकाशित प्रतीत उतरायला थोडी मिनिटे लागतात, तेवढ्यात पुन्हा पुन्हा प्रकाशित करू नका.

स्वतःच्या वेबपानावर स्लाइड्स असतील तर

एचटीएमएल स्लाइड्समध्ये फॉन्ट डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या स्वरूपात सर्व्हरवर ठेवा. तरीही तो लागला नाही, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब पाहा. ४०४ (फाइल सापडली नाही) असेल तर फाइलच्या नावातले लहान-मोठे इंग्रजी अक्षर जुळवा. लिनक्स सर्व्हर हा फरक धरतो, विंडोज धरत नाही, म्हणूनच घरच्या संगणकावर सगळे ठीक चाललेले असते. फॉन्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल आणि कन्सोलमध्ये सीओआरएसची (दुसऱ्या डोमेनची फाइल वापरण्याच्या परवानगीची) तक्रार असेल, तर त्या सर्व्हरने परवानगीचे हेडर पाठवायला हवे. फॉन्ट आपल्याच डोमेनवर ठेवणे सोपे.

आकार कमी करण्यासाठी फॉन्टचे सबसेट करताना, म्हणजे न लागणारी अक्षरे काढताना, ०९०० ते ०९७एफ एवढाच युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा ठेवून चालत नाही. २००सी आणि २००डी ही अदृश्य जोडणारी-तोडणारी चिन्हे लागतात, आणि फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम तर राखायलाच हवेत. ते गाळले की पाय मोडलेली अक्षरे सुटी पडतात. स्टाइलमध्ये 'लेटर-स्पेसिंग' शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. इंग्रजी शीर्षकांसाठी केलेल्या तयार थीममध्ये हे अंतर बऱ्याचदा आधीच दिलेले असते. ओळीची उंची १.५ च्या आसपास घ्या.

पानाची भाषा 'एमआर' (मराठी) अशी जाहीर करा. देठाचा मराठी श आणि मराठी वळणाचा ल, राज्य शासनाच्या वर्णमालेत आहेत तसे, हवे असतील तर हे लागते: काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा पाहून ब्राउझर त्यातले योग्य ते निवडतो. 'एचआय' (हिंदी) तसेच राहिले की हिंदी वळण येते.

शेवटची तपासणी

ज्या संगणकावर स्लाइड्स केल्या त्यावर तपासू नका; तिथे फॉन्ट आहेच. एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, खासगी टॅबमध्ये लिंक उघडा आणि चाचणीची स्लाइड आधी पाहा. त्र्यंबकेश्वरपासून विद्यापीठापर्यंत सगळे शब्द दोन्ही वळणांत बरोबर आले, की ती स्लाइड काढून टाका आणि अंतिम प्रत चढवा.