लिनक्स डिस्ट्रो निवडताय? या चुका टाळा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात, "जुन्या लॅपटॉपवर कुठलं लिनक्स टाकू?" लिनक्स ही विंडोजऐवजी टाकता येणारी सिस्टीम. उबंटू, मिंट, काली, आर्च, डेबियन या तिच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या, त्यांनाच डिस्ट्रो म्हणतात. मी आधी विचारतो, रॅम किती आणि दिवसभर त्यावर काम काय? नाव आधी ठरवलं की पुढचं सगळं चुकत जातं.

कॉलेजच्या मुलांचं हमखास चुकतं ते काली घेऊन. काली सुरक्षा-चाचणी करणाऱ्यांसाठी आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये, असं काली बनवणारेच सांगतात. शिकायचंच असेल तर मशीनवर उबंटू किंवा मिंट ठेवा आणि काली व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे त्याच सिस्टीमच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, चालवा. आर्चमध्ये नवं काही ना काही सतत येत राहतं. बिघडलं तर निस्तरायला वेळ हवा. प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात हा धोका नको.

दुसरी चूक मी स्वतः केली. शेजारच्या काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर न तपासता थेट मिंट इन्स्टॉल केलं. सुरू केलं तर वायफायचं चिन्हच नाही! त्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागत होता आणि तो उतरवायला नेट हवं. शेवटी फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू करून फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर निवडला आणि रीस्टार्ट केलं. पाच मिनिटांत वायफाय आलं, पण तोवर काकूंचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून आता आधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवतो. वायफाय, आवाज, प्रिंटर बघतो, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का तेही बघतो. हे जमलं तरच इन्स्टॉल.

मशीन रखडतंय म्हणून लोक डिस्ट्रो बदलत बसतात. बऱ्याचदा जड असतो तो डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा खिडक्या-मेन्यूंचा भाग. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं. २ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली तर फरक लगेच कळतो.

दुकान-ऑफिसच्या मशीनवर उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्तीच टाका. तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. छोट्या सर्व्हरला डेबियन, तेही डेस्कटॉपशिवाय.

आणि डिस्क पुसण्याआधी कामाच्या सॉफ्टवेअरची यादी करा. हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचं टोकन फक्त विंडोजवर चालत असेल, तर त्याच मशीनवर लिनक्सच्या जोडीला विंडोजही राहू द्या. मराठी टायपिंगची अडचण नाही, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. अडतं ते युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या पत्रांवर. ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या फॉन्टची फाइल आधीच पेनड्राइव्हवर घ्या आणि मग लिनक्समध्ये इन्स्टॉल करा. काकूंच्या मंडळाची जुनी इतिवृत्तं तशीच वाचता आली.