व्हेर्दीचं ‘रेक्विएम’ बसवताना

‘रेक्विएम’ म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेला इटालियन संगीतकार व्हेर्दीने दिलेलं संगीत, कॉयर (गायकवृंद), एकल गायक आणि ऑर्केस्ट्रासाठी; खाली अवतरणचिन्हांत येणारी लॅटिन नावं त्याच्या भागांची किंवा शब्दांची आहेत. पहिल्या तालमीला सगळ्यांना ‘दिएस इरे’ हा दणदणीत भागच गायचा असतो. गाऊ द्या एकदा, हौस फिटू दे. तो भाग पुढे आपोआप बसतो. खरी मेहनत हळू गायच्या पानांवर आहे. सुरुवातीला चेलो (व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चाप, लावून वाजतात आणि कॉयर जवळजवळ पुटपुटतो, तरी शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवेत. म्हणून लॅटिन आधी नुसतं बोलून घ्यावं, तेही इटालियन वळणाने: ‘लूचेआत’, ‘लूसेआत’ नव्हे. पुढे ‘ते देचेत’ला ऑर्केस्ट्रा थांबतो. मागे तानपुरा नसतो, बास (पुरुषांचे खालचे आवाज) जरा ढिले पडले की सगळे सुरातून उतरतात, आणि वाद्यं परत आली की ते उघडं पडतं. प्रत्येक तालमीत हा तुकडा पियानोशिवाय गाऊन शेवटी एक पट्टी दाबून तपासावा.

स्कोअर (स्वरलिपीची पुस्तकं) सगळ्यांकडे एकाच आवृत्तीचे हवेत. ‘सांक्तुस’मध्ये कॉयरचे दोन कॉयर होतात, आठ आवाजांचा फ्यूग (एकच धून आवाज एकामागून एक उचलतात तशी रचना) असतो, तेव्हा टेनर (पुरुषांचे वरचे आवाज) आधी मोजून घ्या. ते कमीच असतात आणि इथे त्यांचेही दोन भाग करायचे आहेत.

एकल गायक चार. मेझो (स्त्रियांचा मधला आवाज) नुसती सोप्रानोच्या (स्त्रियांचा वरचा आवाज) जोडीला म्हणून निवडू नका. ‘लिबेर स्क्रिप्तुस’चा तिचा भाग व्हेर्दीने १८७५ साली नव्याने लिहिला, त्याआधी तिथे कॉयरचा फ्यूग होता. ‘आन्युस देई’ची सुरुवात या दोघी साथीशिवाय, एका सप्तकाच्या अंतराने करतात, त्यांची तालीम वेगळी लावा. सोप्रानोची निवड मात्र ‘लिबेरा मे’मधल्या त्या वरच्या बी-फ्लॅट सुरावर करावी. तो अगदी हळू लागायला हवा; मोठ्याने कोणीही लावेल.

ट्रम्पेट आठ लागतात. त्यातले चार दूर आणि दिसणार नाहीत असे हवेत, स्कोअरमध्ये तसं लिहिलेलंच आहे. ते ३४ मीटरवर उभे राहिले तर आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा येतो. कंडक्टर दिसेल असा व्हिडिओ-स्क्रीन किंवा त्यांच्याजवळ सहायक कंडक्टर, यातलं एक आधीच ठरवा. बेस ड्रमसाठीही व्हेर्दीची सूचना आहे: कातडं चांगलं ताणलेलं हवं, म्हणजे ठोके कोरडे आणि जोरदार येतील. भाड्याने आणलेला ढिला ड्रम ‘दिएस इरे’ची वाट लावतो. तो आदल्या दिवशी वाजवून बघा.

जागेचा विचार लवकर करा. पहिला प्रयोग २२ मे १८७४ला, ज्याच्या स्मरणार्थ हे काम लिहिलं त्या इटालियन लेखक मान्झोनीच्या पहिल्या स्मृतिदिनी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये झाला आणि तीन दिवसांनी तिथल्याच ला स्काला ऑपेरागृहात. चर्चमध्ये घुमणारा आवाज संथ भागांना शोभा देतो, पण ‘सांक्तुस’चा फ्यूग गढूळ करतो. लय तालमीच्या खोलीत पक्की करू नका, प्रत्यक्ष जागेत ऐकून ठरवा.

काम सुमारे दीड तासाचं आहे, मध्यंतर ठेवू नये. ‘लाक्रिमोसा’नंतर कॉयरला बसवा, कारण ‘ओफेर्तोरिओ’ चौघांचंच आहे. उठायचं ते संपल्यावर, ‘सांक्तुस’चे ट्रम्पेट सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांनी एकदम. कॉयर उभा राहतो त्या पायऱ्यांच्या लाकडी फळ्या करकरत असतील तर सुताराला वेळेत बोलवा.