पेनिसिलिनचे झटके आणि पेनिसिलिनेज: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

औषधशास्त्रात किंवा मेंदूविज्ञानात पीएचडीला आलेल्यांनी सुरुवातीलाच हा प्रयोग नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं: प्राण्याच्या मेंदूवर पेनिसिलिन देऊन झटके आणायचे आणि पेनिसिलिनेजने त्यांवर काय परिणाम होतो ते बघायचं. पेनिसिलिन थेट मेंदूवर लागलं तर झटके येतात, हे वॉकर आणि जॉन्सन यांनी १९४५ च्या सुमारास दाखवलं. पेनिसिलिन गाबाच्या (मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या) रिसेप्टरवरचा क्लोराइडचा मार्ग अडवतं, त्यामुळे पेशींना आवर घालणारी यंत्रणाच दुबळी पडते. पेनिसिलिनेज हे एन्झाइम औषधाच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम कडं फोडतं. उरतं ते पेनिसिलोइक आम्ल. १९७१ मध्ये गटनिक आणि प्रिन्स यांनी या एन्झाइमचा आधार घेऊनच झटक्यांचं मूळ तपासलं.

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ 'युनिट' या शब्दाने होतो. पेनिसिलिनचं एक युनिट म्हणजे सोडियम बेंझिलपेनिसिलिनचे ०.६ मायक्रोग्रॅम. उंदराच्या मेंदूत सर्रास वापरली जाणारी ५०० युनिटं म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम, साधारण ०.८४ मायक्रोमोल. एन्झाइमचं एक युनिट मात्र बहुधा मिनिटाला एक मायक्रोमोल औषध फोडणारं असतं, तेही ठरावीक तापमानाला आणि पीएचला. बाटलीवर कुठली व्याख्या छापली आहे ते वाचल्याशिवाय गणित मांडू नका. औषध पूर्ण फुटलं का, ते आयोडीनने कळतं: पेनिसिलोइक आम्ल आयोडीन खातं, अखंड पेनिसिलिन खात नाही.

माझा आग्रह कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठीच्या गटांवर असतो. नुसतं एन्झाइम, उकळून निकामी केलेलं एन्झाइम अधिक पेनिसिलिन, आणि पीएच जुळवून घेतलेलं आधीच फोडलेलं पेनिसिलिन, हे तिन्ही गट हवेतच. शिवाय एन्झाइम आधीच पेनिसिलिनमध्ये मिसळून देणं आणि झटके सुरू झाल्यावर देणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात झटके यायला कडं अखंड असणं गरजेचं आहे का ते समजतं. झटके टिकायला औषध तिथे असावंच लागतं का, ते दुसऱ्यात. गाइडशी बोलताना यातला कुठला प्रश्न तुमचा, ते आधी ठरवा, कारण प्राण्यांच्या नीतिशास्त्र समितीपुढे प्रत्येक गटाचं कारण द्यावं लागतं.

एन्झाइमची काचभांडी वेगळी ठेवा. थोडा अंश राहिला तरी पुढचं पेनिसिलिन वाया जातं.

एक खुलासा डॉक्टर मित्रांसाठी. रुग्णाला अँटिबायोटिकमुळे झटके आले तर हे एन्झाइम देत नाहीत. औषध थांबवतात किंवा बदलतात, झटके थांबवणारं बेंझोडायझेपिन देतात, मूत्रपिंड बघतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. १९५० च्या दशकात पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीवर पेनिसिलिनेजची इंजेक्शनं दिली जायची, पण त्या प्रथिनाचीच तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ लागली.